पिवळा वसंत आणि नितीनचा अल्बम

आज सकाळी दार उघडलं तर गाडी पिवळी. काल संध्याकाळपर्यंत निळी होती. बॉनेटवर, काचांवर, पायऱ्यांवर, शेजारच्यांच्या पोस्टाच्या पेटीवर, जिथे बघावं तिथे बारीक हळदीसारखी भुकटी. आली एकदाची! नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या ह्या कॅरी गावात वसंत असा येतो. कोकीळ नाही, मोहोर नाही. आधी ह्या पाइनच्या झाडांचा पराग येतो आणि दोन-तीन आठवडे माणसाच्या नाकात, डोळ्यांत, वाळत घातलेल्या कपड्यांत आणि चहाच्या कपात मुक्काम ठोकतो. इथली मंडळी त्याच्याबद्दल हसत हसत बोलतात, लाडावलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं. मला हसू येत नाही. मला पहिली शिंक येते आणि शिंकेपाठोपाठ कानात एक गिटार सुरू होते.

गिटार म्हटल्यावर काही गोड, झुळझुळणारं डोळ्यांपुढे आणू नका. तारेचं कुंपण कुणीतरी फरफटत नेतंय असा तो आवाज. मग ढोल बडवणारा येतो, त्याला बहुतेक कुणीतरी घरी दुखावलेलं असावं. आणि मग एक पुरुष, झोपेतून उठवल्यासारख्या आवाजात, काहीतरी तक्रार करू लागतो. नितीनच्या अल्बममधलं पहिलं गाणं असं सुरू होतं. पुढे आणखी दहा आहेत. ती सगळी मला पाठ आहेत. ज्या बाईने भूपातल्या ताना पाठ करायला एक अख्खा उन्हाळा घालवला, तिला ही अकरा गाणी फुकटात पाठ व्हावीत, ह्याचा मला आजही राग येतो.

नितीन माझा नवरा. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ते सांगेन असं वाटत नाही. लग्नाआधी तो इथल्या उत्तरेकडच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला होता. चार मराठी मुलं एका अपार्टमेंटमध्ये, युनिव्हर्सिटीची बस चुकली की बर्फातून चालत जायचं, आणि कोथिंबीर मिळाली तर फोन करून एकमेकांना कळवायचं, असा तो काळ. त्या घराच्या कपाटात आधीच्या भाडेकरूने एक सीडी विसरून ठेवली होती. कुठल्याशा अमेरिकन ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचा अल्बम. कव्हरवर पाणी नसलेला पोहण्याचा तलाव आणि त्यात एक खुर्ची. नितीनने ती सीडी त्या पहिल्या हिवाळ्यात लावली आणि त्यानंतर जवळजवळ काढलीच नाही.

“तुला नाही कळणार,” तो म्हणायचा. “बाहेर चार वाजता अंधार पडायचा यार. घरी फोन केला तर आई रडायची. तेव्हा हा अल्बम होता.”

मी म्हणायचे, “बिचारी आई रडणारच. तिलाही ऐकू येत असणार.”

आमचं लग्न ठरलं ते नागपुरात, आमच्या घरी, पोहे खाऊन. बाबांनी त्याला विचारलं, “गाण्याची आवड आहे का? नाही म्हणजे, आमची प्राजक्ता गाते. बाईंकडे बारा वर्षांची तालीम आहे तिची.” नितीन म्हणाला, “हो, खूप आवड आहे. रोज ऐकतो. गाण्याशिवाय मी गाडीच चालवत नाही.” बाबांनी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे, आणि मी पोह्यांकडे. झालं. पुढे पत्रिकाही जुळली. तो एक शब्द खोटं बोलला नव्हता. मला सगळ्यात जास्त चीड ह्याचीच येते.

मी अमेरिकेत आले, कॅरीशेजारच्या मॉरिसव्हिलच्या अपार्टमेंटमध्ये राहू लागले, तेव्हा मला काम करायची परवानगी नव्हती आणि गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे जिथे जायचं तिथे नितीनसोबत आणि नितीनसोबत म्हणजे त्या अल्बमसोबत. हळूहळू मला अंतरंसुद्धा गाण्यांत कळू लागली. भाजीचं दुकान दोन गाणी. देऊळ तिसरं गाणं अर्धं होईपर्यंत. डरॅमला कुणाकडे जेवायला जायचं असलं की मी आधीच डोकं दाबून घ्यायचे, कारण ते थेट सातव्यापर्यंत जायचं.

“हा माणूस सा-वर कधी येणार आहे?” मी एकदा विचारलं.

“कुठे यायचंय त्याला?”

“सा-वर रे. घरी. प्रत्येक गाणारा कुठूनही फिरून शेवटी घरी येतो. हा नुसताच गल्लीत भटकतोय.”

“अगं, तेच तर त्याचं आहे. हे मेनस्ट्रीम नाहीये. ऑल्टरनेटिव्ह आहे.”

“कशाला ऑल्टरनेटिव्ह? गाण्याला?”

तो हसला आणि आवाज वाढवला. माझी चिडचिड त्याला कौतुकासारखी ऐकू यायची. त्याच्या बाजूनेही सांगायला हवं, की तो माझ्या रियाजाला बसायचा. मनापासून, मांडी घालून बसायचा. मी विलंबित ख्याल सुरू केला की दहा मिनिटं टक लावून बघायचा आणि मग अगदी आदराने विचारायचा, “हे सुरू झालंय, की अजून ट्यूनिंग चाललंय?” त्याला सूर कळत नाही. खरंच कळत नाही. सा आणि रे ह्यांत फरक आहे हे त्याने माझ्यावर विश्वास ठेवून मान्य केलंय, माणूस दूरच्या ग्रहांवर विश्वास ठेवतो तसं.

तर माझा इथला तो पहिला वसंत. दोन हजार सहाचा.

सकाळी उठलं की आधी घराच्या खिडक्या उघडायच्या, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआपच होतं. रात्रभर हवा कोंडलेली असते, ती बाहेर जाऊ द्यावी, उन्हाला आत घ्यावं, मग चहा. मॉरिसव्हिलमध्येही मी तेच करत होते. मार्चच्या शेवटी थंडी हटली आणि मी पडदे सारून घरातली प्रत्येक खिडकी सताड उघडली. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या कडेवर पिवळी धूळ. आमच्या मागे तेव्हा नवी घरं बांधत होते, दिवसभर ट्रक यायचे-जायचे. मला वाटलं, बांधकामाची माती. मी फडकं घेऊन पुसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा पुसली, पुन्हा उघडल्या. आणि त्या उघड्या खिडकीशी, पूर्वेकडे तोंड करून, इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून मी रोज तास-दीड तास खोल श्वास घेऊन खर्ज लावत होते. बाईंनी सांगितलं होतं, श्वास पोटापर्यंत गेला पाहिजे. तो जात होता. सोबत काय जात होतं ते मला माहीत नव्हतं.

नितीनला माहीत होतं. ही मात्र हद्द झाली. त्याला पराग म्हणजे काय, तो कधी येतो, सगळं माहीत होतं. मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाला, “मला वाटलं तुला फ्रेश एअर आवडते.”

घसा खवखवायला लागला. मग खोकला. त्याने गुलाबी गोळ्या आणून ठेवल्या, म्हणाला ॲलर्जी असेल. मी म्हटलं, “मला कसली ॲलर्जी? नागपूरच्या धुळीत वाढलेय मी.” आईने फोनवरून ज्येष्ठमध सांगितलं, शेजारच्या कन्नड काकूंनी मिरी-मध दिला, मराठी मंडळातल्या एका मावशींनी लवंग भाजून चघळायला लावली. मी सगळं केलं. गुळण्या केल्या, हळद-दूध प्यायले. फक्त खिडकी बंद केली नाही आणि रियाज थांबवला नाही. थांबवणार कसा? पाडव्याच्या कार्यक्रमात मला गायचं होतं.

इथे पाडवा पंचांगावर येत नाही, शाळेचा हॉल रिकामा असेल त्या शनिवारी येतो. त्या वर्षी तो एप्रिलच्या मध्यावर आला. मंडळाच्या कार्यक्रमात तोवर मला दोनदा बोलावलं होतं, दोन्ही वेळा सिनेमातलं गाणं म्हणायला, मुलांच्या फॅशन शोच्या आधी. ह्या वेळी मी हट्टाने राग मागून घेतला होता. सेक्रेटरी फोनवर कुरकुरली, “अर्धा तास जास्त होईल गं प्राजक्ता. लोकांना भूक लागते. वीस मिनिटं कर ना. आणि जरा फास्ट काहीतरी.” वीस तर वीस. मी आनंदले होते. ह्या देशात मी कुणाची तरी बायको म्हणून आले होते. माझ्या व्हिसावर तसंच लिहिलेलं होतं, आणि पार्ट्यांमध्येही माझी ओळख तशीच करून दिली जायची. त्या वीस मिनिटांत मी मी असणार होते. गळा सोडला तर माझं म्हणावं असं इथे माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

हॉलकडे जाताना मी गाडीत हलक्या आवाजात सूर लावत होते. काचा बंद. नितीनने सवयीने अल्बम लावला.

“बंद कर.”

“हे चौथं संपू दे, मग करतो. मिडलला तोडवत नाही.”

मिडलला तोडवत नाही! ज्या माणसाने माझा ख्याल कुकरच्या शिट्टीसाठी अर्ध्यावर थांबवला होता, त्याचं हे वाक्य. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर सगळी गाड्यांची रांग पिवळी होती.

मी बहार मांडला. वसंताचा राग आणि वसंताने माझ्या छातीत आधीच ठाण मांडलेलं. पहिली दहा मिनिटं मी खोकला गिळत, युक्त्या करत काढली. साथीला तबल्यावर पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला होता, भला माणूस, तो सांभाळून घेत होता. मग द्रुत बंदिशीत तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा-वर, जायची जागा आली. मी गेले. नेहमी जाते तशी, न बघता. आणि गळ्यात काहीतरी टरकलं. सूर आला नाही. हवा आली. मी पुन्हा जोर लावला, तर हवाही आली नाही. तबलजी बिचारा ठेका देत राहिला, माझ्याकडे बघत. मी तोंड उघडं ठेवून बसले होते. आणि मग हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. छान, कडकडून. त्यांना वाटलं, संपलं.

स्टेजच्या मागे सगळ्यात आधी शैलाकाकू पोचल्या. शैलाकाकू कॅरीत राहतात, साठच्या दशकात मुंबईहून इथे आलेल्या, जन्मभर कान-नाक-घशाच्या डॉक्टर, आता रिटायर्ड. मंडळातल्या सगळ्यांना त्यांचा धाक. माझ्या तोंडासमोर बोट धरून म्हणाल्या, “एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, ते जास्त वाईट. घसा खाकरायचा नाही. मी रिटायर झालेय, माझे कान झालेले नाहीत. सोमवारी डरॅमला जायचंय, मी अपॉइंटमेंट घेते.”

डरॅमच्या डॉक्टरने नाकातून एक बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर मला माझा गळा दाखवला. बारा वर्षं ज्याच्या जिवावर मी मिरवले, तो मी पहिल्यांदाच पाहत होते. दोन छोट्या पट्ट्या. पांढऱ्या असायला हव्या होत्या म्हणे. सुजून लाल झालेल्या, आणि एकीत रक्त साकळलेलं. डॉक्टरने विचारलं, कुठे गाता, कधी गाता. मी कागदावर लिहिलं, रोज सकाळी, उघड्या खिडकीशी. त्याने कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग शैलाकाकूंकडे.

काकूंनी कपाळाला हात लावला. “खिडकी? एप्रिलमध्ये? अगं बाई, मी ह्या गावात आल्यापासून एप्रिलमध्ये एकदाही खिडकी उघडलेली नाही! कुणीच उघडत नाही! नितीन, तू घरात राहतोस ना रे?”

नितीन म्हणाला, “मला वाटलं...” तेव्हा मला ओरडता आलं असतं, तर तिथेच उरलासुरला गळाही गेला असता.

डॉक्टर म्हणाला, रक्त विरून जाईल, सूज उतरेल. पण व्रण राहू शकतो. वरचे सूर परत येतील, न येतील, आत्ता सांगता येत नाही. तोवर संपूर्ण मौन. गाणं पुढचं पुढे.

मौनाबद्दल लोक फार चांगलं लिहितात. त्यांनी ते स्वतःच्या मर्जीने पाळलेलं असतं. मला ते पाळावं लागलं तेव्हा त्यात शांती वगैरे काही नव्हती, नुसती घुसमट होती. दूध उतू जातंय आणि मी टाळ्या वाजवून नवऱ्याला बोलावतेय. आईचा फोन आला की तो माझ्या वतीने सांगायचा, “मजेत आहे, आराम करतेय,” आणि मी समोर उभी राहून डोळ्यांनी नाही नाही म्हणतेय. आणि न बोलणाऱ्या माणसाशी लोक मोठ्याने बोलतात, हे मला तेव्हा कळलं. नितीन माझ्याशी ओरडून बोलू लागला. “चहा, घेणार, का?” मी बहिरी नव्हते. उलट दिवसभर दुसरं काहीच नसल्यामुळे मला सगळंच ऐकू येत होतं. फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावरच्यांची चप्पल, आणि बंद खिडक्यांच्या आत माझा स्वतःचा श्वास. तानपुऱ्याचा डबा मी कपाटात ठेवून दिला होता. संध्याकाळी सवयीने हात तिकडे जायचा आणि मी तो ओढून घ्यायचे.

तपासणीसाठी डरॅमला चकरा सुरू झाल्या. म्हणजे थेट सातव्या गाण्यापर्यंत, जाताना आणि येताना. काचा बंद, तोंड बंद, अल्बम चालू. नितीनने पहिल्या दिवशी विचारलं होतं, “लावू?” मी मान हलवून नाही म्हटलं, पण तो तेव्हा लेन बदलत होता. त्याने ते हो समजून घेतलं. त्यानंतर त्याने विचारलंच नाही. त्या माणसाच्या डोक्यात एकदा हो पडलं, की ते तहहयात.

आतापर्यंत मी तो अल्बम कधी ऐकलाच नव्हता, हे मला त्या फेऱ्यांमध्ये कळलं. मी त्याच्यावर बोलत होते. आता बोलता येत नव्हतं, मग उरलं काय, ऐकणं. पहिल्या दिवशी दात आवळून ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. सातवं गाणं तसं शांत आहे. ढोल नाही, कुंपणाची ती फरफट नाही, एकच गिटार आणि माइकच्या अगदी जवळ आलेला त्या माणसाचा आवाज. त्यात एका जागी सूर वर चढतो. तो चढायला जातो आणि पोचत नाही. अलीकडेच थांबतो. त्या जागी सुराऐवजी थोडी हवा येते, थोडी खरखर, आणि तो ती तशीच राहू देतो. जोर लावत नाही. आधी मी ह्याच जागेला दरवेळी म्हणायचे, बेसूर मेला.

आता मला ती हवा ओळखीची होती. ती मी स्टेजवर बसून स्वतःच्या तोंडातून बाहेर येताना ऐकली होती. ती कशाने येते, ते मी पडद्यावर पाहिलं होतं. हा माणूस अडाणी नव्हता. ह्याचा गळा गेलेला होता. बाकीच्या दहा गाण्यांत तो ओरडून, ढोलाआड लपून ते झाकत होता, ह्या एका गाण्यात झाकत नव्हता. माझ्या अंगावर काटा आला आणि लगेच स्वतःचाच राग आला, की ह्याच्या गाण्यावर?

मी किराण्याच्या पावतीच्या मागे लिहिलं, ह्याचा गळा गेलाय. सिग्नलला नितीनसमोर धरलं.

“हो मग,” तो ओरडला. “टूर करून करून गेला. डॉक्टरने गाऊ नको सांगितलेलं त्याला. मग जेवढा उरला होता, तेवढ्यात त्याने हा अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. सीडीच्या आत त्या छोट्या पुस्तकात आहे ना सगळं.”

मी लिहिलं, इतके दिवस सांगितलं का नाहीस?? दोन प्रश्नचिन्हं दिली.

“तू विचारलंस कुठे? तू तर त्याला घरी पाठवत होतीस.”

सिग्नल हिरवा झाला. मी पेन खिडकीवर फेकून मारलं आणि ते बंद काचेला लागून माझ्याच मांडीवर पडलं.

त्यानंतर मला तो अल्बम आवडू लागला, असं कुणी समजू नये. नाही आवडत. तो ढोलवाला मला आजही सहन होत नाही आणि नववं गाणं हा निव्वळ छळ आहे. फक्त त्या एका माणसाला मी बेसूर म्हणणं सोडलं. एवढ्याने नितीन इतका खूश झाला, की मला पुन्हा चीड आली.

मे लागला. परवानगी मिळाली. आधी नुसतं बोलणं, तेही थोडं. मग गुणगुणणं. मग एक दिवस मी तानपुरा कपाटातून काढला. सा लागला. मला रडू फुटलं, पण डॉक्टरने रडूही नको म्हटलं होतं, म्हणून आवरलं. पंचमापर्यंत गेले, थोडी चरचर, पण होता. पुढे धैवताला धाप लागली. आणि तार षड्ज नव्हता. आठ दिवसांनी नव्हता, पंधरा दिवसांनीही नव्हता. दार तेच, चावी तीच, फक्त ते उघडत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, व्रण राहिलाय. एवढ्यावर समाधान माना, अनेकांचं एवढंही परत येत नाही.

मी कॉलिंग कार्डवरून नागपूरला बाईंना फोन लावला. त्यांनी मला गायला सांगितलं, शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “काळी तीनवर लाव.”

हे जरा सांगायला हवं. गाणाऱ्याचा सा कुठे, ते पेटीवरच्या पट्टीवरून ठरतं. माझी पट्टी काळी पाच. परकर-पोलक्यात बाईंकडे गेले, तेव्हा त्यांनीच ती ठरवून दिली होती. बायकांमध्ये चढा गळा समजतात. बाबा पाहुण्यांना नावासारखं सांगायचे, आमची प्राजक्ता काळी पाचला गाते. काळी तीन म्हणजे चांगलंच खाली उतरणं.

“बाई, काळी पाच माझी आहे.”

“होती,” बाई म्हणाल्या. “गळा बदलतो गं. माझाही बदलला. मी कुणाला सांगितलं नाही, इतकंच.”

मी नीट नमस्कारही न म्हणता फोन ठेवला. आठवडाभर तानपुऱ्याला हात लावला नाही. खाली उतरून गायचं ते कुणी? जी गायची ती मी. ही जी खाली गाणार, ती कोण? देश बदलला, घर बदललं, आडनाव बदललं, सगळं मी निमूट केलं, कारण सा जागेवर होता. आता तोच हलवायचा, तर मग माझ्यात मी उरले किती? नितीनला हे सांगायला गेले. तो म्हणाला, “कीबोर्डवर ते बटण असतं ना, ट्रान्स्पोजचं, सगळं खाली-वर सरकवायचं? तसंच ना हे?” मी उठून भांडी घासायला गेले. धुतलेली भांडी पुन्हा घासली.

मेच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी मी बसले. का बसले, माहीत नाही. कंटाळले होते रुसून. नितीन हॉलमध्ये जमिनीवर पुस्तकांचं शेल्फ जोडत होता, खोक्यातून आणलेलं. सगळे स्क्रू पसरून बसला होता. मी तानपुऱ्याची पट्टी काळी पाचवरून खाली आणली. तो आवाज ऐकूनच परक्या घरात शिरल्यासारखं झालं. यमन घेतला. आधी काहीच जमेना. गळा जुन्या उंचीवर पाय टाकायला जायचा आणि पायरी तिथे नसायची. मग हळूहळू मंद्रात उतरले आणि तिथे, खाली, असा एक भरीव सूर मिळाला जो माझ्याकडे कधीच नव्हता. मी त्याच्यावर बराच वेळ थांबले. मग वर निघाले. निषादावरून तार षड्ज. तो आला, पण खरखरत आला. मी ढकललं नाही. जसा आला तसा घेतला आणि परतले.

थांबले तेव्हा शेल्फचा आवाज बंद होता. नितीन स्क्रू ड्रायव्हर हातात धरून बसला होता. आणि मला, लग्नानंतर पहिल्यांदाच, ह्या माणसाचं मत हवं होतं. वेड्यासारखं हवं होतं. मी त्याच्याकडे बघत बसले.

“छान,” तो म्हणाला. “नेहमीसारखंच.”

“नेहमीसारखं?” माझा आवाज चिरकला. “नितीन, पट्टी उतरवलीय मी! सगळं खाली आहे! वरचा सा धड लागत नाहीये! दीड महिना घरात काय चाललंय तुला कळलं तरी का?”

“असेल खाली,” तो म्हणाला. त्याने एक स्क्रू उचलला, बघितला, चुकीचा होता, परत ठेवला. “मला नाही कळत गं ते. मला तर तूच वाटलीस.”

दीड महिना मी ज्याला-त्याला हाच एक प्रश्न मनातल्या मनात विचारत होते; डॉक्टरला, बाईंना, देवघरातल्या गणपतीला. आणि उत्तर द्यायला देवाला अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात नेमका हाच सापडला, ज्याला सा आणि रे ह्यांतला फरक कळत नाही.